फॉर्मवाल्या बाई

वकील संघाच्या सदस्यत्वाचे फॉर्म बाईंच्या पर्समध्ये कायम असत, म्हणून बाररूममध्ये त्यांचं नावच फॉर्मवाल्या बाई पडलं होतं. नवा वकील आवारात दिसला रे दिसला, की त्याला चहाही न विचारता त्या सही मागत. संघाचा सदस्य असेल त्यानेच कोर्टात उभं राहायचं, हा नियम हट्टाने मंजूर करून घेणाऱ्याही त्याच. त्या सभेत एक म्हातारे वकील म्हणाले होते, "उद्या संघच रुसला तर माणसानं जायचं कुठं?" बाईंनी त्यांची अशी फिरकी घेतली, की सगळी सभा हसली आणि म्हातारे खाली बसले. पुढे वीस वर्षं बाई हा किस्सा रंगवून सांगत.

मग आवारातल्या पहारेकऱ्याची गाडी लावण्यावरून एका वकिलाशी झटापट झाली. वकिलाचा दात पडला, पहारेकरी कोठडीत गेला. त्याचं वकीलपत्र कुणी घ्यायचं नाही, असा संघाने ठराव केला. त्याची बायको तीन दिवस दारोदार फिरून शेवटी बाईंच्या ऑफिसात येऊन बसली. बाईंचं डोकंच फिरलं. दात कुणाचाही पडो, आरोपीला वकील नको म्हणजे काय?

संघाचा चिटणीस बाईंच्या हाताखाली अकरा वर्षं शिकलेला. त्याची पहिली उलटतपासणी बाईंनी प्रश्नांसकट लिहून दिली होती. त्यांच्याच घरी जेवता जेवता तो म्हणाला, "ताई, तुम्ही बिनधास्त घ्या केस. सभेचं मी बघतो."

त्याने बघितलं. जामिनाच्या सुनावणीच्या सकाळी बाररूमच्या फळ्यावर कागद लागला होता : बाई सदस्यत्वातून निलंबित. सही चिटणिसाची. सही नीट वाचता येईल अशी कर, म्हणून बाई अकरा वर्षं त्याच्या कानीकपाळी ओरडल्या होत्या. ही अगदी नीट वाचता येत होती.

तो जिन्यात भेटला. "सगळे एका बाजूला होते, ताई. मी एकटा काय करणार?"

"एकटा कसा? मी होते ना," बाई म्हणाल्या. बोलताना आवाज चिरकला, त्याचाच त्यांना जास्त राग आला.

न्यायाधीशांनी कागद वाचून चष्मा काढला. "बाई, तुम्हाला उभं राहता येणार नाही. नियमाबद्दल काही म्हणायचंय?"

नियमाविरुद्धचे सगळे मुद्दे बाईंना तोंडपाठ होते. एकेक त्यांनीच खोडून काढला होता.

"नाही," त्या म्हणाल्या आणि मागच्या बाकावर पहारेकऱ्याच्या बायकोशेजारी जाऊन बसल्या. न्यायाधीशांनी पहारेकऱ्याला स्वतःच बोलायला सांगितलं. तो कठड्याला धरून उभा राहिला आणि वळून बाईंकडे बघत राहिला.

"असला नियम केला तरी कुणी?" बायकोने हळूच विचारलं.

"मी," बाई म्हणाल्या.