डोक्यावर शेवटची पाटी

"पाटी उतरवू नकोस. आधी पाहुण्यांना सांग, विमान हवेत कसं राहतं ते."

मिठागराचे मालक शेठ असं म्हणाले तेव्हा मी त्यांच्या पनवेलच्या बंगल्यासमोर, पायऱ्यांच्या खाली, अनवाणी उभी होते. मे महिन्याची दुपार. डोक्यावर ओल्या मिठाची पाटी. खारं पाणी चुंबळीतून झिरपून मानेवरून पाठीत उतरत होतं.

मुलांनो, तुम्ही विचारता, आजी, तू त्या काळात विमानांचं शास्त्र कशी शिकलीस? कोणीतरी तुम्हाला कौतुकाची गोष्ट सांगितली असेल. ही ती नव्हे.

आमच्याकडे रीत होती. पावसाआधी मिठागराचं काम संपलं की प्रत्येक घरातल्या एका बाईने शेवटची पाटी शेठच्या दारात न्यायची. स्वतः उतरवायची नाही. शेठचा गडी उतरवेल तेव्हाच मान मोकळी. मग शेठ पदरात गूळ-खोबरं टाकणार आणि पुढच्या हंगामाचं काम पक्कं. माझा बाप वारला होता. पाटी आयच नेत असे. त्या वर्षी शेठनी निरोप धाडला, "पोरगी सुट्टीवर आलीय ना? तिला पाठव."

मी तेव्हा बंगळूरला एरोनॉटिकल इंजिनीअरिंगच्या पदव्युत्तर वर्गात होते. कॉलेजपासूनचा खर्च शेठच्या ट्रस्टने उचललेला. एक वर्ष झालं होतं, एक उरलं होतं. वर्गात मी एकटी मुलगी. पंखाच्या लाकडी नमुन्यावर रेशमाचे दोरे चिकटवायचे, वाऱ्याच्या बोगद्यात तो बसवायचा, वारा सोडायचा आणि हवा पंखाला नेमकी कुठे सोडून जाते ते दोऱ्यांवरून पाहायचं. त्या कामात मला तहानभूक आठवत नसे. उरलेलं वर्ष पुरं करायचं, आयुष्याकडून मला एवढंच हवं होतं.

म्हणून गेले. म्हणून पाटी उचलली.

व्हरांड्यात मुंबईचे पाहुणे सरबत पीत बसले होते. शेठ त्यांना म्हणाले, "हीच ती. आमच्या मिठागरातली. आमच्या पैशावर इंजिनीअर होतेय."

आणि मी सांगायला लागले. मला खरंच वाटलं, यांना ऐकायचंय. पंखाच्या वरून हवा वेगाने जाते, तिथे दाब कमी होतो. सोपं करून सांगत होते. एका हाताने पाटी धरलेली, दुसऱ्या हाताचा पंजा तिरका करून पंख दाखवत होते. एक बाई शेजारणीला म्हणाली, "अगं बघ, हात कसा करते!" एक गृहस्थ म्हणाले, "शेठ, इंग्रजीतून बोलायला लावा की."

शेठनी चुटकी वाजवली. "इंग्रजीत, पोरी."

मी इंग्रजीत सुरू केलं. पहिल्याच वाक्याला टाळ्या.

"आगऱ्याच्या पोरीच्या तोंडी इंग्रजी! वा शेठ, काय तयार केलीय!"

दाब, वेग, पंख. कोणालाच काही नको होतं. अस्वल नाचत होतं, दोरी शेठच्या हातात होती.

मी वाक्य अर्धं टाकलं. पायऱ्या चढले. आमच्यातलं कोणी त्या चढत नसे. पाटी माझ्या हातांनी उतरवली आणि व्हरांड्याच्या फरशीवर, त्यांच्या चपलांशेजारी ठेवली.

"माझं सांगून झालं," मी म्हणाले.

फाटकाशी बायकांमध्ये आय उभी होती. ती ओरडली, "बाय, काय केलंस ग ह्या? पाया पड शेठच्या!"

मी पडले नाही.

दुसऱ्या दिवशी मिठागराचा मुकादम आला. ट्रस्टचा खर्च बंद. आयला पुढच्या हंगामात काम नाही. "पन शेठ मनाचे मोटे हायत," तो म्हणाला. "सगल्या बायांम्होरं पाटी परत डोक्यावर घे, माफी माग. मिटंल."

आय न पेटवलेल्या चुलीसमोर बसून होती. "तुला इमानं पायजेत," ती म्हणाली. "मला भाकर पायजे. सांग, कोनाचं चुकतंय?"

 

मी खाडीच्या बांधावर जाऊन बसू लागले. एका संध्याकाळी भरतीच्या पाण्यात कमरेपर्यंत उतरले. का परत फिरले, ठाऊक नाही. धैर्य वगैरे काही नव्हतं. पाय चिखलात रुतत होते, तेवढंच आठवतं. त्याच आठवड्यात आय नेऱ्याला मावशीकडे मजुरीला निघून गेली. जाताना माझ्याकडे पाहिलं नाही.

मुकादम पुन्हा आला. "काय सांगू शेठना?"

"मी बंगळूरला जातेय."

"खर्च कोन देनार?"

"कोणी नाही."

"मंग हाकलतील ना तुला, बाय."

"हाकलू देत."

बंगळूरला जायला पुण्याच्या एस.टी.त बसले तेव्हा मी एवढंच ठरवलं होतं. फी भरली नाही म्हणून नाव काढतील, तर काढू देत. काढेपर्यंत वर्गात बसेन. वर्गातून उठवलं तर दाराबाहेर उभी राहून ऐकेन. पोटासाठी भांडी घासेन, संडास धुवेन. पण जे शिकले ते कोणाच्या करमणुकीसाठी पुन्हा बोलून दाखवणार नाही. त्यापायी आय माझ्याशी पुन्हा कधीच बोलली नाही, तरीही बोलून दाखवणार नाही.