झिपकाकूंचा छंद

झिपकाकूंना नवाकोरा कोट दाखवला तरी त्या आधी तो उलटा करत. कापड बाहेरून कसं दिसतं याच्याशी त्यांना देणंघेणं नसे. शिवण आतून बघायची, टाका कुठे सुटलाय ते हुडकायचं आणि शिवणाऱ्याच्या नावाने नाक मुरडायचं, ही एकतीस वर्षांची सवय. माणसांनाही त्यांनी असंच उलटं करून पाहिलं असतं, पण माणसं तयार होत नाहीत.

तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांतला खिडकीजवळचा कोपरा त्यांचा. तिथे एक काळं जुनं मशीन, एक इस्त्री, एक दिवा आणि काळ्या कापडावरचा काळा दोरा उसवायला लागतं ते भिंग. रस्त्यावरच्या सगळ्यांच्या पँटी आखूड करणं, अस्तर बदलणं आणि मुख्य म्हणजे झिपा बसवणं हे त्या कोपऱ्यातून चाले, त्यावरूनच नाव पडलं. नवरा पोस्टातून निवृत्त झालेला. सही कुठे करायची एवढंच विचारून कशावरही सही करणारा भला माणूस. काकूंच्या नाकावर मात्र माशी बसत नसे.

एके दिवशी वीज कंपनीचे पाहणीसाहेब दारात उभे राहिले. मीटर खाली जिन्यात होतं, पण साहेबांना घर बघायचं होतं. हातात चामड्याची बॅग, तिची झिप पार गेलेली, तोंड रबरबँडने आवळलेलं. काकूंची नजर आधी तिथेच गेली.

"झिप गेलीय की हो, साहेब. ठेवून जा, उद्या नवी बसवून देते."

"किती घेता?" साहेबांनी फार गोड आवाजात विचारलं.

काकूंनी आकडा सांगितला, वर "तुमच्यासाठी कमीच सांगितला हं" असंही म्हणाल्या. साहेबांनी तो आकडा वहीत टिपला, उंबऱ्यावरूनच कोपऱ्याकडे एक नजर टाकली आणि बॅग काखोटीला मारून निघून गेले.

"माणूस काटकसरी दिसतोय," काकू नवऱ्याला म्हणाल्या. "विचार करून येईल."

साहेब काही आले नाहीत. महिन्याभराने बिल आलं.

बिलाची पुढची बाजू मोठी देखणी. वर एक हसरं चौकोनी कुटुंब, सगळ्यांचे दात पांढरेशुभ्र, आणि 'आम्ही तुमच्या उजेडाचे सोबती' असं ब्रीद. त्याखाली, जिथे इतकी वर्षं 'घरगुती' असं छापून यायचं, तिथे 'व्यापारी'. युनिट नेहमीएवढेच आणि रक्कम जवळजवळ दुप्पट. नवऱ्याने बिल तीनदा वाचलं, मग चष्मा पुसून चौथ्यांदा. जिन्यात शेजाऱ्यांची सभा भरली. कोणी म्हणालं, मशीन पलंगाखाली लपवा. कोणी म्हणालं, कंपनीशी कुठे वाकड्यात शिरता, उद्या अंधारात बसाल. सल्ल्याला वीज लागत नाही, त्यामुळे तो मनसोक्त वापरला जात होता.

काकूंनी बिल उलटं केलं.

मागची बाजू करड्या कागदावर करड्या शाईत छापलेली होती. ती कोणी वाचू नये म्हणून कंपनीने काय काय कष्ट घेतले होते! अक्षरं अशी, की मुंगीलाही चष्मा लागावा. काकूंनी दिवा जवळ ओढला, भिंग लावलं आणि दोन तास हलल्या नाहीत. कंपनी आपल्या मर्जीने दर लावू शकत नाही, हे त्यांना तिथे कळलं. कंपनीच्या डोक्यावर एक नियामक आयोग असतो. कंपनीने दर मागायचा, आयोगाने ठरवायचा, आणि कंपनीने गिऱ्हाइकाशी कसं वागायचं याचे नियमही आयोगानेच करायचे. ग्राहकाचा वर्ग बदलण्याआधी पंधरा दिवसांची नोटीस हवी. पाहणीच्या अहवालाची प्रत मागितली की द्यायला हवी. राहत्या घरात कोणी स्वतःचं काम करत असेल आणि महिन्याचा वापर दोनशे युनिटच्या आत असेल, तर दर घरगुतीच राहतो. काकूंचा वापर होता नव्वद.

"हे सगळं इथे लिहिलंय?" नवरा थक्क झाला. "मग आपल्याला सांगितलं का नाही?"

"सांगितलंय की. पाठीमागून."

दुसऱ्या दिवशी काकू कंपनीच्या तक्रार खिडकीवर. आतल्या बाईंनी नियम ऐकून घेतला, अहवालाची प्रत 'वरून येईल' म्हणाल्या आणि एक छापील अर्ज सरकवला. त्यावर लिहिलं होतं, 'शिवणकाम हा माझा छंद असून त्यापासून मला कोणतेही उत्पन्न नाही.'

"सही करा काकू, पुढच्या महिन्यापासून परत घरगुती. कशाला ताणता?"

"एकतीस वर्षं झाली. छंद?"

"सगळे असंच लिहून देतात. शिकवण्या घेणारे मास्तर, केक करणाऱ्या ताई, घड्याळं दुरुस्त करणारे आजोबा. सगळ्यांचा छंदच आहे."

म्हणजे कंपनीच्या दप्तरात गावातला एकही माणूस घरी बसून पोट भरत नव्हता. सगळे हौशी. काकूंनी कोरा अर्ज पर्समध्ये घातला आणि त्या तरातरा घरी आल्या.

"कर की सही," नवरा म्हणाला. "आपलं काय जातंय?"

काकूंना राग आला, आणि रागापेक्षा जास्त वाईट वाटलं. "तुम्ही दोन वर्षं अंथरुणाला खिळून होतात, पगार बंद होता. तेव्हा हे घर माझ्या छंदावर चाललं होतं का हो?"

नवऱ्याने चष्मा काढून पुसला. पण त्याची भीतीही खोटी नव्हती. तक्रार ऐकणाऱ्या आयोगाच्या मंचापुढे काकू हरल्या असत्या, तर दुप्पट बिल कायमचं मानगुटीवर बसणार होतं. झिपा बसवून जे सुटायचं ते सगळं त्यातच गेलं असतं, आणि कोपरा बंद करावा लागला असता. काकूंनी हे पुरतं ओळखलं आणि तरीही मंचाकडे तक्रार टाकली.

मंच म्हणजे तीन माणसं, एक लांबलचक टेबल आणि दात वाजतील इतका गारठा फेकणारं एसीचं यंत्र. हे कुठल्या दरात चालतं, असा प्रश्न काकूंच्या ओठांवर आला होता, तो त्यांनी गिळला. कंपनीतर्फे पाहणीसाहेब हजर. बॅगेचा रबरबँड काढताना तो तटकन तुटला आणि सगळे कागद फरशीवर पसरले. साहेब गुडघ्यांवर बसून गोळा करू लागले. काकूंनी तीनदा मागूनही न मिळालेला अहवाल अखेर टेबलाखाली सापडला आणि साहेबांनी तो वाचला. "सदर घरात व्यावसायिक शिलाई यंत्र आढळले. विद्युत मोटर, अर्धी अश्वशक्ती."

"कुठली मोटर?" काकू ताडकन उठल्या. "पायाने चालवते मी मशीन. माझ्या पायांची अश्वशक्ती मोजायला घरी कोणी आल्याचं मला आठवत नाही!"

अध्यक्षबाई साहेबांकडे वळल्या. "तुम्ही मशीन पाहिलंत ना?"

"पाहिलं, मॅडम. लांबून."

"मग ही अर्धी कुठून आली?"

साहेबांनी अहवालावर बोट ठेवलं. "तो रकाना रिकामा सोडला तर कॉम्प्युटर पुढे जाऊ देत नाही."

अध्यक्षबाईंनी अहवाल बाजूला सारला. मग त्या समजुतीच्या सुरात म्हणाल्या, "हे बघा काकू, मोटरचं कळलं. पण तुम्ही पैसे घेता हेही खरंच आहे. आपण आदेशात 'छंद' लिहू, म्हणजे पुन्हा कोणी उकरून काढणार नाही. तुम्हीही मोकळ्या, आम्हीही मोकळे."

शेजारी बसलेल्या नवऱ्याने काकूंच्या पर्सचा पट्टा ओढला. बस, हो म्हण, असा.

"बाई, तुम्ही या खुर्चीवर बसता तो छंद म्हणून का?" काकूंनी विचारलं. "नियमात 'काम' लिहिलंय. मी काम करते आणि माझा दर घरगुती. दोन्ही लिहा. एक लिहून दुसरं झाकू नका."

"कुठे लिहिलंय?"

काकूंनी बिल उलटं करून टेबलावर ठेवलं आणि वर भिंग ठेवलं. अध्यक्षबाईंनी भिंग उचललं, ओळीवर बोट ठेवत सावकाश वाचलं. आपल्याच आयोगाचा नियम त्या बहुधा पहिल्यांदाच या आकाराच्या अक्षरांत वाचत होत्या.

तीन आठवड्यांनी आदेश आला. व्यवसाय, शिलाई. वर्ग, घरगुती. जादा घेतलेली रक्कम पुढच्या बिलात वळती, आणि प्रत न दिल्याबद्दल किरकोळ भरपाई. काकूंनी आदेश आधी उलटा करून पाहिला. मागे काही नव्हतं, तेव्हा कुठे त्या हसल्या.

हसू दहा दिवस टिकलं. त्याच महिन्यात आयोगाने सगळ्याच घरांचा स्थिर आकार, म्हणजे दिवा लावा न लावा द्यावी लागणारी ती रक्कम, वाढवला. कंपनीने मागितली त्याच्या निम्मीच वाढ दिली, असं सांगून आयोगाने स्वतःची पाठ थोपटून घेतली. कंपनीने मुळात दुप्पटच मागितली असणार, हे रोज घासाघीस करणाऱ्या काकूंना कोणी सांगायला नको होतं. त्यांनी आयोगाच्या दरवाढीवरच्या पुढच्या सुनावणीची तारीख भिंतीवर लिहून ठेवली. मशीन पलंगाखाली लपवायला सांगणारे शेजारी आता आपापली बिलं उलटी धरून भिंग मागायला जिना चढत होते.

आणि एका सकाळी पाहणीसाहेब आले. या वेळी बॅगेला सुतळी बांधलेली.

"ते झिपेचं जरा बघता का?"

काकूंनी बॅग उलटी केली, आतली शिवण पाहिली, नाक मुरडलं आणि आकडा सांगितला.

"मागे याहून कमी म्हणाला होतात," साहेब ओशाळं हसले. "थोडं कमी करा ना, काकू."

"छंद असता तर फुकटच केलं असतं, साहेब."

साहेबांनी मुकाट्याने पैसे काढून मशीनवर ठेवले. काकूंनी ते मोजले आणि पायाने मशीन सुरू केलं.