कोऱ्या कडा

टायरवाल्या शिंद्यांनी माझ्या मोटरसायकलचा मागचा टायर उतरवला आणि त्यावरून अंगठा फिरवला. मध्ये तो पार गुळगुळीत झाला होता. कडांवर मात्र नव्या टायरला असतात ते रबराचे बारीक केस अजून तसेच होते.

"साहेब, गाडी कधी वळवतच नाही काय?" त्यांनी विचारलं.

गाडी घेतली होती घाटांसाठी. पण घर ते ऑफिस हायवे सरळसोट, आणि रविवारी अंथरुणातून उठवत नाही. रोज दमून घरी आलो की वाटायचं, मी अख्खाच्या अख्खा झिजलो. इथे झिजला होता तो मधला चार बोटांचा पट्टा. बाकीचं अजून वापरलंच नव्हतं.

शिंद्यांनी दोन टायर दाखवले. एक सरळ रस्त्यावर वर्षानुवर्षं टिकणारा. दुसरा कडांना मऊ, वळणावर रस्ता धरून ठेवणारा, पण लवकर संपणारा. मी दुसऱ्यावर हात ठेवला.

"नवा आहे, घसरेल," टायर बसवून ते म्हणाले. "आठ दिवस वळणावर जपून."

मी मान डोलावली. ऑफिस येईपर्यंत जपण्यासारखं एकही वळण लागलं नाही.