सुपारीण

माझ्या मित्राच्या मामाने बोटीवरून आणलेल्या त्या खेळात पट नव्हता की सोंगट्या नव्हत्या. नियमांचं एक जाड पुस्तक आणि वीस बाजूंचा निळा फासा, बस. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं आणि "मी दार ढकलतो", "मी तलवार काढतो" असं म्हणत पुढे जायचं. जमलं की नाही ते फासा ठरवणार. अडचण एकच होती. पुस्तकात दर चार पानांनी लिहिलेलं, या राक्षसाची माहिती राक्षसांच्या पुस्तकात पाहा. ते पुस्तक वेगळं विकत मिळायचं, आणि मामाला बिचाऱ्याला हे माहीतच नव्हतं.

मग आम्ही आमचंच केलं. पुठ्ठ्याची एक लांबडी वही घेतली आणि एका पानावर एक राक्षस लिहायला लागलो. राहतो कुठे, जीव किती, वार कसा, मर्म कुठे. मर्माबद्दल माझा मित्र फार कडक होता. "मर्म नसलेला राक्षस लिहायचा नाही," तो म्हणायचा. "मारताच येणार नसेल तर खेळायचं कशाला?"

नव्वदीची सुरुवातीची वर्षं होती. मी डोंबिवलीहून ठाण्याला कॉलेजात जायचो, अकरावीत. मित्र खोपटला राहायचा, एसटी डेपोच्या समोर, दुसऱ्या मजल्यावर. त्याचे वडील घर सोडून गेलेले. आई नर्स, आणि रविवारी तिची ड्युटी असायची. त्यामुळे रविवारची दुपार आमची. गोष्ट सांगायचं काम त्याचं. खेळायला मी, त्याची मावसबहीण आणि कोळीवाड्यातला आमचा एक वर्गमित्र. गुहेतून काहीतरी बाहेर येणार, आमचे श्वास अडकलेले, आणि नेमकी तेव्हाच खिडकीतून घोषणा यायची की शहापूरकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक तीनवर लागलेली आहे.

कोळीवाड्यातल्या मित्राने खाडीच्या चिखलात पाय धरून ओढणारा एक आणला. "त्याचं खरं नाव मी नाय लिवनार," तो म्हणाला. "आजीला कलला तर घरात घेनार नाय मना." मी आमच्या डोंबिवलीतल्या मानपाड्याच्या कारखान्यांतून निघून खिडक्यांच्या फटींतून घरात शिरणारा पिवळा धूर लिहिला; ओली चादर आडवी धरली की तो तिच्यात अडकायचा. माझे वडील तिथेच एका कंपनीत होते, आणि त्यांच्या शर्टाचा वास मला त्यासाठी उपयोगी पडला. पण वहीतली खरी चांगली पानं माझ्या मित्राचीच. तो काही नवीन शोधून काढायचा नाही. आपण रोज बघतो तेच घ्यायचा आणि थोडंसं हलवायचा. मग त्याच्याकडे बघायची भीती वाटायची.

त्याच वर्षी माझी ताई सासरहून परत आली. कल्याणला दिलेली. सात महिन्यांत परत आली, एक पत्र्याची पेटी घेऊन. आई शेजारणींना सांगायची, "आलीये चार दिवस राहायला." चार दिवसांचे चार महिने झाले. दाराची बेल वाजली की ताई स्वयंपाकघराच्या दारामागे जाऊन उभी राहायची आणि पाहुणा जाईपर्यंत हलायची नाही. आईला वाटायचं, लोकांना तोंड दाखवायची लाज वाटते. मी एकदा पाणी प्यायला गेलो तेव्हा तिला जवळून पाहिलं. तिच्या गालात काहीतरी होतं.

त्या दिवशी तिने मला सांगितलं, एकदाच. लग्नानंतर पहिल्यांदा घरी माणसं आली तेव्हा ती मोठ्याने हसली होती. ताईचं हसणं मोठंच होतं, आमच्या बिल्डिंगमध्ये खालपर्यंत ऐकू जायचं. सासूने त्या दिवसापासून नियम केला. पाहुणे आले की दारामागे उभं राहायचं, तोंडात सुपारी धरून. चावायची नाही, थुंकायची नाही. पाहुणे गेले की ती सुपारी सासूच्या हातावर काढून दाखवायची.

"मग आता का धरतेस?" मी विचारलं.

"सवय झालीये," ती म्हणाली. मग माझा दंड धरून म्हणाली, "कोणाला सांगायचं नाहीस. आईलासुद्धा नाही. शपथ घे."

मी शपथ घेतली.

ती मी दीड महिना पाळली. एका रविवारी बाकीचे दोघे आले नव्हते. आम्ही दोघंच वही घेऊन बसलेलो, आणि बोलता बोलता मित्राने मला त्याच्या वडिलांबद्दल सांगितलं. ते कुठे राहतात हे त्याला माहीत होतं. तो एकदा आईला न सांगता तिथे जाऊन आलेला, आणि वडिलांनी दारात उभं राहून त्याला बाहेरूनच परत पाठवलेलं. सांगून झाल्यावर तो फासा हातात फिरवत बसला. मला वाटलं, आता आपणही तेवढंच जड काहीतरी दिलं पाहिजे. माझ्याकडे तेवढं जड एकच होतं. मी ते दिलं. त्याने सगळं ऐकून घेतलं. नंतर चहा करून आणला.

तीन रविवारांनंतर आम्ही चौघं खेळत होतो. गोष्टीत आम्ही मिठागराच्या कडेच्या एका ओसाड चाळीत शिरलेलो. मावसबहिणीने एका दाराची बेल वाजवली. आतून उत्तर नाही. आम्ही आत गेलो. मित्राने वही मांडीवर घेतली आणि त्याच्या त्या हळू, सपाट आवाजात वाचायला लागला.

"स्वयंपाकघराच्या दारामागे कोणीतरी उभं आहे. सुपारीण. बेल वाजली की ही दारामागे जाते. तोंडात अख्खी सुपारी. सुपारी आहे तोवर काही करत नाही, नुसती बघते. सुपारी पडली की हसते. ते हसणं ज्याने ऐकलं त्याला पुढे कधीच दुसरं काही ऐकू येत नाही. जीव चाळीस."

"आयला," कोळीवाड्यातला म्हणाला, "भारी हाय. मारूया हिला."

मावसबहीण खिदळत म्हणाली, "आधी सुपारी पाडू ना! बघू कशी हसते ती."

पाळी माझी होती. फासा माझ्यासमोर होता. मी मित्राकडे बघितलं. मला वाटलं होतं तो नजर चुकवेल. त्याने चुकवली नाही. तो माझ्याकडे उत्सुकतेने बघत होता, आपण लिहिलेलं आवडलं का, असं.

मी उठलो, त्याच्या मांडीवरची वही ओढली, ते पान फाडलं आणि खाली उतरलो. तो मागे धावत डेपोच्या फाटकापर्यंत आला.

"अरे, काय झालं? त्यांना थोडीच माहितीये कोण आहे ती!"

"मला माहितीये ना."

"अरे, आपल्या वहीतली सगळ्यात भारी आहे ती. मी काय वाईट लिहिलंय का तिच्याबद्दल?"

तो खरंच विचारत होता. मला त्याचाच जास्त राग आला. मी त्याला आईवरून शिवी दिली, त्याच्या वडिलांनी त्याला दारातून परत पाठवलं ते बरोबर केलं असं म्हणालो, आणि निघून आलो.

त्या पानाचे मी तुकडे करून टाकायला हवे होते. का कोण जाणे, फिजिक्सच्या जर्नलमध्ये ठेवलं. दोन दिवसांनी ताईने कव्हर घालायला म्हणून जर्नल घेतलं. मी अंघोळ करून आलो तर ती पलंगावर बसलेली आणि पान तिच्या हातात.

"हे अक्षर तुझं नाही," ती म्हणाली.

"नाही. त्याचं आहे. ताई, मी भांडलो त्याच्याशी. कायमचं. पुन्हा त्याचं तोंड बघणार नाही."

तिने पान परत एकदा वाचलं. मग म्हणाली, "अख्खी नव्हती. अर्धी होती. अख्खी तोंडात धरली की लाळ गळते."

तिने पानाच्या तळाशी बोट ठेवलं.

"आणि हे मर्म का रिकामं सोडलंय?"

मी ते तोवर पाहिलंच नव्हतं. ती जागा खरंच कोरी होती. मर्म नसलेला राक्षस लिहायचा नाही म्हणणाऱ्याने तिथे काही लिहिलेलं नव्हतं.

"माहीत नाही," मी म्हणालो. "हरामखोर आहे तो."

"त्याने लिहिलं," ताई म्हणाली. "सांगितलं कोणी?"

नंतर ती बरेच दिवस माझ्याशी बोलली नाही. पण त्याच संध्याकाळी तिने आईला सगळं सांगितलं. मी बाहेरच्या खोलीत बसून ऐकत होतो. "चार पोरांना माहितीये, तर आता तुलाही कळू दे," असं तिने सुरू केलं. आई रडली. वडील पुढच्या सुट्टीच्या दिवशी कल्याणला जाऊन ताईची भांडी, साड्या आणि शिलाई मशीन घेऊन आले. तिला परत पाठवण्याचं बोलणं आमच्या घरात त्यानंतर झालं नाही.

मित्र महिन्याभराने आमच्याकडे आला, न कळवता. बेल वाजली, दार ताईने उघडलं. मी आतून बघत होतो. त्याने मान खाली घालून काहीतरी माफीचं म्हटलं. ताई म्हणाली, "पान माझ्याकडे आहे. ते आता मिळणार नाही. बस, चहा टाकते."

तो बसला. ती त्याला वहीबद्दल विचारत होती, अजून कोणकोण आहेत त्यात, कसं ठरवता कोणाला जीव किती ते. मग त्याने काहीतरी सांगितलं आणि ताई हसली. मोठ्याने, पूर्वीसारखी. आई स्वयंपाकघरातून धावत बाहेर आली.

मी चप्पल घालून गच्चीवर गेलो. तिच्यासाठी मी माझा सगळ्यात जवळचा मित्र तोडला होता, आणि ती खाली बसून त्याला चहा देत होती. तो गेल्याचं कळेपर्यंत मी खाली उतरलो नाही. कॉलेज संपेपर्यंत आम्ही एकाच वर्गात होतो. मी त्याच्याशी एक शब्द बोललो नाही. त्याने दोनदा प्रयत्न केला, मग सोडून दिला. बाकीचे दोघे त्याच्याकडे खेळायला जात राहिले. पुढे तो नोकरीला आखातात गेला. तिथून त्याचं एक पत्र आलं, ताईच्या नावाने. तिने ते मला वाचायला दिलं नाही, मीही मागितलं नाही.

ताईने शिवणाचे क्लास काढले, मग दुसरं लग्न केलं, चांगलं झालं. मध्यंतरी तिच्या घरी जेवायला गेलो होतो. तिच्या मुलीला पुरणपोळी वाढता वाढता ती सहज म्हणाली, "काय रे, तुझा तो खोपटचा मित्र किती छान होता. तुमचं कशावरून बिनसलं होतं?"

मी तिच्या तोंडाकडे बघत राहिलो. ती थट्टा करत नव्हती. उत्तराची वाट बघत, तुपाची वाटी हातात धरून उभी होती.

"आठवत नाही," मी म्हणालो.