रिकाम्या डब्याचं राजकारण

इथे परदेशात आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये चीनहून आलेली एक शिक्षिका राहते. इथल्या शाळेत चिनी शिकवते. दिवाळीत मी तिला डबाभर शंकरपाळे दिले आणि दुसऱ्याच दिवशी तिने डबा परत केला. घासूनपुसून लख्ख, आणि रिकामा! माझं डोकंच फिरलं. रिकामा डबा काय परत करतात? निदान चिमूटभर साखर तरी घालावी. मी पडले पुण्याची; मनात ठेवून घुसमटण्यापेक्षा तिला इंग्रजीतून सगळं नीट समजावून सांगितलं.

तिथेच चुकलं. पुढच्या वेळी डब्यातून भाजीचं सारण भरलेले, वाफवलेले डंपलिंग आले. आता तो डबा मी तरी रिकामा कसा पाठवणार? मी नारळाच्या वड्या पाठवल्या, तिने तिळाचे गोळे. मी अळूवड्या, तिने वाफवलेले पाव. डबा दोन दारांमध्ये नुसता येरझारा घालू लागला.

बँकेत नोकरी करणाऱ्या माझ्या नवऱ्याला यात वेगळाच वास आला.

"याला सॉफ्ट पॉवर म्हणतात," तो म्हणाला. "आधी खाऊ घालायचं, मग भाषा शिकवायची, मग एक दिवस बंदर ताब्यात घ्यायचं."

"आपल्याकडे कुठलं बंदर? एक गॅलरी आहे, तीही भाड्याची."

त्यावर त्याने आणखी एक डंपलिंग तोंडात टाकलं, त्यामुळे चर्चा तिथेच थांबली.

मला मात्र त्याचा रागच यायचा. मुलगी कॉलेजसाठी पुण्याला गेल्यापासून दुपारी घर खायला उठायचं, आणि शाळा सुटल्यावर माझं दार वाजवणारी ती एकटीच होती. तिला गमावायची माझी अजिबात तयारी नव्हती.

एका दुपारी ती आली ती हात हलवत. चेहरा पडलेला. तिच्या वरिष्ठ चिनी शिक्षिकेने तिला बाजूला घेऊन विचारलं होतं, "ही इंडियन बाई तुला सारखं खायला का देते? तिला तुझ्याकडून काय हवंय?"

मी कपाळावर हात मारला. मी म्हणे भारताचा प्रभाव पाडतेय! अहो, माझा प्रभाव पोटच्या पोरीवर पडत नाही. मी मराठीत बोलले की ती इंग्रजीत उत्तर देते. मला हसू आवरेना. पण शेजारीण हसली नाही.

"मॅडम म्हणाल्या, तिच्याकडून डबा घेणं बंद. खलास."

तव्यावरचं थालीपीठ करपायला लागलं तरी मी तशीच उभी. कसंबसं "बरं" म्हटलं.

तिने माझ्याकडे पाहिलं, तव्याकडे पाहिलं, खुर्ची ओढली आणि टेबलाशी बसली.

"डबा घेऊ नको म्हणाल्या," ती म्हणाली. "इथे बसून खाऊ नको, असं नाही म्हणाल्या. आणि सिस्टर, मला एकटीने जेवायचा फार कंटाळा येतो."

करपलेलं थालीपीठ मी माझ्या ताटात घेतलं आणि तिच्यासाठी दुसरं थापायला लागले.