रिव्हर्सचा दिवा कोणी पाहिला?

या पानावरचे इतरांचे अनुभव वाचून मी आजवर नाकच मुरडत आलो. जन्म गेला मोटारींखाली झोपून. बंद पडलेली गाडी चालू झाली की त्याला कारण असतं, आणि चालू गाडी बंद पडली की त्यालाही असतं... एवढंच माझं शास्त्र. हे नातीकडून लिहून घेतोय, कारण आमचं तंजावरी मराठी वाचून तुम्ही हसाल. आणि यात हसण्यासारखं काही नाही.

साल नक्की आठवत नाही, पण एकोणीसशे पन्नास उलटून गेलं होतं. कुंभकोणमला, नाचियार्कोविलकडे जाणाऱ्या रस्त्यावर मी आणि माझा थोरला भाऊ अण्णा मोटारदुरुस्तीची शेड चालवत होतो. आम्ही तिथले मराठी लोक—घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. शेडमध्येही गिऱ्हाइकांशी आणि कामगारांशी तमिळ, पण आम्ही दोघं आपसात कायम मराठीच. त्याची एक सोय होती. मी चुकलो की अण्णा गिऱ्हाइकासमोरच मला मराठीत झापायचा, आणि गिऱ्हाइकाला वाटायचं, भाऊ किती मन लावून गाडीबद्दल बोलतायत! एकमेकांची चूक तमिळमध्ये काढायची नाही, हे आम्ही कधी ठरवलं नव्हतं, पण पाळत होतो.

इन्नंबूरच्या एका मिरासदाराने विलायती स्पोर्ट्स कार घेतली... दोन सीटची, बुटकी, कापडी टपाची. ती आमच्या शेडमध्ये आली याचाच मला केवढा तोरा! तक्रार क्षुल्लक होती. रिव्हर्स टाकला की मागचा पांढरा दिवा लागायला हवा. तो कधी लागे, कधी नाही. गिअरबॉक्सच्या अंगावर त्याचा बोटभर स्विच असतो. रिव्हर्स पडला की आतला दांडा स्विचची खुंटी दाबतो आणि दिवा लागतो. स्विच किती आत बसवायचा ते त्याच्याखाली पातळ वायसर घालून जमवायचं. एक जास्त झाला की खुंटी दाबलीच जात नाही. अण्णाने तीन वायसर घालून स्विच बसवून दिला. दोन दिवसांनी गाडी परत!

मिरासदार तापलेले, चार कामगार बघत उभे. आणि माझं तोंड सुटलं—तमिळमध्ये.

"यांना आता दिसत नाही. वायसर मोजता येत नाहीत. यापुढे गिअरबॉक्सला मी यांना हात लावू देणार नाही."

अण्णाने हात पुसले, सदरा घातला आणि नाचियार्कोविलला मुलीकडे निघून गेला. मी आणायला गेलो नाही. का गेलो नाही? ताठा, दुसरं काय!

पाचव्या दिवशी सकाळी तिकडून आलेल्या बसचा कंडक्टर निरोप घेऊन आला. अण्णाच्या छातीत दुखतंय, बोलावलंय, याच बसने परत चला. पण मिरासदार दुपारी गाडी न्यायला येणार होते. अण्णाची माफी मागायचं मी ठरवलं होतं हो... पण तो दिवा लागता केल्याशिवाय त्याच्यासमोर जायचं नव्हतं. "दोनच्या बसने येतो म्हणून सांगा," म्हटलं.

साडेबाराला कामगार जेवायला गेले. सेल्वम् तेवढा मागे हौदावर हात धुताना दिसला. कोणी मध्ये येऊ नये म्हणून मी फाटकाला आतून कडी घातली आणि गाडीत बसलो. भर उजेडात दिवा लागला की नाही ते मागे उभ्या माणसालाच कळतं. इतकी वर्षं तिथे अण्णा उभा राहायचा. आता सेल्वम् असेल असं धरून मी रिव्हर्स टाकला आणि तमिळमध्ये ओरडलो, लागला का?

"इल्लै." नाही.

एक वायसर काढला. "इल्लै." तिन्ही काढले, तरी तेच. मग मागून सावकाश, घोगऱ्या आवाजात, "स्विच सरिया इरुक्कु. वयरैप् पारु." स्विच ठीक आहे, वायर बघ. हा मला शिकवतोय, असं मनात आलं. तरी वायर ओढून पाहिली. वरून धडधाकट, पण पट्टीखाली आतलं तांबं तुटलेलं! वायर जोडली, अण्णाचे तिन्ही वायसर पुन्हा घातले आणि रिव्हर्स टाकला.

"एरियुदु." लागला.

गिअर काढला. "पोच्चु." गेला. असं दहा वेळा केलं, दहाही वेळा बरोबर. म्हणजे अण्णाचं काहीच चुकलेलं नव्हतं.

तेवढ्यात फाटकावर थाप पडली. कडी काढली, तर बाहेर चारही कामगार, आणि त्यांच्यात पान चघळत सेल्वम्. मी विचारलं, "तू आत होतास ना?"

"नाही मालक. हात धुवून लगेच घरी गेलो जेवायला, फाटक तेव्हा उघडंच होतं."

गाडीमागे जाऊन पाहिलं. हौद आणि भिंत. कोणी नाही.

बसची वाट न बघता सायकल काढली. पितळी दिवे घडवणाऱ्यांच्या गल्लीत पुतणीचं घर होतं, आणि त्या गल्लीत त्या दिवशी ठोकाठोक बंद होती. पुतणी दारातच म्हणाली, "उशीर केलांत काका. बारा वाजायच्या आंतच गेले अप्पा. दोनदां विचारलें, बस आली कां म्हणून."

बाराच्या आत. आणि मी गाडीत बसलो साडेबारानंतर.

लोक म्हणतात, उपाशी पोट, मनाला लागलेली टोचणी, होतात भास. असतील. पण वायर तुटल्याचं मला ठाऊक नव्हतं, मग भासाला कुठून कळलं? घोगरा आवाज अण्णाचाच होता, आज शंका नाही. तेव्हा ओळखला नाही, कारण जन्मात तो माझ्याशी तमिळ बोलला नव्हता. परक्याशी बोलावं तसं बोलला. मीच त्याला परका केला होता.

तो अर्धा तास माझ्या मागे उभा होता. आणि मी त्याला विचारलं काय, तर दिवा लागला का.