खांबावरचा परकर

नवरा विमान घेऊन आभाळात असताना मी वाऱ्याची खूण खांबावरून काढून धुवायला टाकली. असा मूर्खपणा आमच्या केशोरीच्या बाजूला दुसऱ्या कोणत्या बाईने केला नसेल. पण दुसऱ्या कोणाच्या नवऱ्याने धानाच्या बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, विमानही उतरवलेलं नाही. मी तेव्हा पंचावन्नची होते. म्हणजे अक्कल यायला अजून अवकाश होता.

आमचे हे राइस मिलमध्ये मिस्त्री होते. रिटायर झाल्यावर लोक देवाच्या मागे लागतात, हे अॅल्युमिनियमच्या नळ्यांच्या मागे लागले. गोठ्याशेजारच्या शेडमध्ये काही वर्षं ठोकाठोक झाली आणि एक विमान उभं राहिलं. कापडाचे पंख, फटफटीसारखा आवाज अन् सीट एकच. मधले बांध-धुरे फोडून तीन बांध्यांची एक पट्टी केली. माझ्या पावलांनी तीनशे. एका टोकाला आमचं घर, दुसऱ्या टोकाला पाण्याची बोडी, म्हणजे छोटं तळं.

वारा कळायला खांब रोवला आणि त्याला माझा लाल परकर बांधला. घेरात तारेचं कडं, दुसरीकडे नाडी ओढून मुठीएवढं तोंड. वाऱ्याने असा फुगायचा, की मी नेसून कधी एवढी ऐटीत चालले नसेन.

उतरायचा सराव अंगणात, प्लास्टिकच्या खुर्चीवर. हातात झाडूचा दांडा. मला वारा व्हायला लावायचे, मी समोर उभी राहून सुपाने वारा घालायची.

"वारा समोरून आला तं इमानाले धरते, मागून आला तं ढकलते," ते सांगायचे. "आपली पट्टी लहान. ढकलणारा वारा नाई चालत. पट्टीच्या मधातली चुन्याची रेघ नाकासमोर ठेवाची. अर्ध्यावरच्या पळसापर्यंत चाकं नाई टेकली, तं जिद्द नाई कराची. इंजिन पुरं द्याचं, वर जावाचं, अजून एक फेरा."

"अन् उतरताना पायता कुठं?"

"परकर अन् रेघ. बस."

"अन् मी?"

"तू का रेघ हायेस?"

मी हसले, पण ते लागलं. रोज सकाळी ते वर आणि मी खांबापाशी, गुरं हाकलत, मान वर करून. हात हलवायची. वरून कधी हात हलला नाही.

त्यात शेजारच्या बांधीतली बाई धुऱ्यावरून ओरडली, "काकी, तुमचा परकर तं पार देवरीवरून दिसून राहिला वो!"

झालं. ते वर गेल्याबरोबर मी परकर उतरवला, धुतला आणि कडं काढायच्या कंटाळ्याने कड्यासकट गोठ्याच्या आडोशाला दोरीवर टांगला. लोकांना सांगितलं, लाज वाटली म्हणून. खरं म्हणजे मला एकदा पाहायचं होतं, माझ्यावाचून यांचं काय अडतं ते. मग खांबापाशी न जाता दाराआड फुगून बसले. परकरासारखीच.

त्या दिवशी वारा घराकडून बोडीकडे होता. पण गोठ्याला अडून तो आडोशाला उलटा फिरतो. खांब रिकामा बघून ह्यांनी परकर शोधला, तो दोरीवर सापडला, उलटा फुगलेला. त्याचं ऐकून हे घराकडून बोडीकडे उतरले. म्हणजे वारा पाठीत. पळस आला तरी चाकं जमिनीला लागेनात. मी दाराआडून बघत होते. आता इंजिन देतील, आता वर जातील. दिलं नाही. चाकं टेकली तेव्हा पट्टी संपत आली होती. विमान बोडीची पाळ ओलांडून चिखलात नाकावर पडलं.

मग आवाजच नाही. तीनशे पावलं मी कशी पळाले, आठवत नाही. हे कमरेएवढ्या चिखलात बसले होते, गळ्याचं हाड मोडून, माझ्याकडे एकटक पाहत.

त्यांना जाऊन तीन वर्षं झाली. विमानाने नाही, घरात, तापाने. शेडमध्ये विमानाच्या सीटवर कोंबडी अंडी घालते. पोरगा फोनवर म्हणतो, पट्टीत धान लावू. मी लावू देत नाही. परकर फाटला की माझ्या पेटीतला दुसरा बांधते. सकाळी चहा घेऊन खांबापाशी उभी राहते. आज वारा बोडीकडून आहे. हे सांगायला कोणी नाही.

तेव्हा हे हाड मोडून खाटेवर पडलेले असताना आठ दिवस मी शिव्यांची वाट पाहिली. नवव्या दिवशी भात भरवताना न राहवून मीच विचारलं, "पळसापाशी वर काऊन नाई गेले जी? मलेच तं शिकवत होते."

घास गिळून ते म्हणाले, "खांबापाशी तू नाई दिसली. मले वाटलं, तुले काई झालं. मंग अजून एक फेरा माराले जीव नाई मानला."